काउंट जुळत नाहीये, सर

पोट शिवायची वेळ झाली होती. आतड्याला पीळ पडलेला तो पेशंट रात्री दोनला आमच्याकडे आला होता आणि आता खिडकीच्या काचेवर उजाडायला लागलं होतं. सर नीडल होल्डर हातात घेऊन उभे होते, भूलतज्ज्ञ त्याला जागं करायच्या तयारीत होते, आम्ही रेसिडेंट उभ्या उभ्या पेंगत होतो. तेवढ्यात सिस्टर म्हणाल्या, "सर, थांबा. काउंट जुळत नाहीये."

एक मॉप कमी होता. मॉप म्हणजे पोटातलं रक्त टिपायचा जाड कापडी रुमाल. त्याला एका कोपऱ्यात नाडीसारखी शेपटी असते. ऑपरेशनआधी सिस्टर मॉप मोजून घेतात, फळ्यावर आकडा लिहितात आणि पोट बंद करण्याआधी पुन्हा मोजतात. रक्तात भिजलेला मॉप आतड्यांच्या वेटोळ्यात ओळखू येत नाही, म्हणून त्याच्या शेपटीला आर्टरी, म्हणजे धातूचा चिमटा, लावून ती पोटाबाहेर लटकत ठेवायची पद्धत आहे. तरी एखादा आत राहतो. सर चिडले. "मी सगळे काढलेत," म्हणाले. सिस्टर जागच्या हलल्या नाहीत. "एक कमी आहे, सर," एवढंच पुन्हा म्हणाल्या. सरांनी नीडल होल्डर खाली ठेवला, पोटात हात घातला आणि यकृताच्या वरच्या अंगाला दडलेला मॉप बाहेर आला.

पदानं आणि पगारानं कितीतरी खाली असलेल्या बाईनं त्या खोलीतल्या सगळ्यात वरच्या माणसाचा हात थांबवला होता, आणि तो थांबला होता. तसा नियम आहे आणि तो नियम सगळ्यांना मान्य आहे, म्हणून.

त्याच टेबलावर तासाभरापूर्वी दुसरं काही घडलं होतं. आमच्या युनिटमधल्या नव्या जेआर वनच्या, म्हणजे पहिल्या वर्षाच्या ज्युनिअर रेसिडेंटच्या, हातातली सक्शनची नळी जरा सरकली. सरांनी हातातली आर्टरी तिच्या बोटांच्या पेरांवर मारली आणि म्हणाले, "स्किनची ब्रँच घ्यायची होती ना. बायकांनी सर्जरीत कशाला यावं? घरी पोळ्या कोण करणार?" कुणीतरी हसलं. मी पोट उघडं ठेवणारा डीव्हर ओढून धरून तिच्या समोर उभा होतो. मास्कच्या वर तिचे डोळे भरून आलेले मला दिसत होते. वॉश घेतलेले हात चेहऱ्याकडे नेता येत नाहीत, त्यामुळे तिला डोळेही पुसता येईनात. पाणी मास्कवर उतरलं आणि तिथेच पसरलं. मी काही बोललो नाही. कुणीच बोललं नाही. मॉपसाठी सरांना अडवणाऱ्या सिस्टरही बोलल्या नाहीत.

मॉपच्या बाबतीत बोलणारी खोली माणसाच्या बाबतीत गप्प का बसते, आणि तिला बोलतं कसं करायचं, एवढाच या प्रकरणाचा विषय आहे.

कटिंग

नागपुरात मेडिकल चौकातल्या चहाच्या टपरीवर रेसिडेंट डॉक्टर जमले की एक शब्द हमखास कानावर पडतो. "तुमच्या युनिटला कटिंग किती मिळतं?" कटिंग म्हणजे स्वतःच्या हातानं ऑपरेशन करण्याची संधी. एमएसची तीन वर्षं संपताना किती केसेस पाहिल्या याला फारसं मोल नसतं. किती स्वतः केल्या, यावर पुढचं आयुष्य ठरतं.

शस्त्रक्रियेची विद्या हातातून हातात जाते. शरीररचना पुस्तकात वाचता येते, व्हिडिओत बघता येते. पण हर्नियाची पिशवी नळीपासून सोडवताना कुठे ओढायचं आणि कुठे थांबायचं, हे बोटांना कळावं लागतं. त्यासाठी कुणीतरी समोर उभं राहून स्वतःच्या हातातलं हत्यार तुमच्या हातात द्यावं लागतं. आधी बघायचं, मग असिस्ट करायचं, मग सर समोर असताना करायचं आणि शेवटी एकट्यानं. या पायऱ्यांवर वर घेणारा माणूस एकच असतो.

या विद्येचं सौंदर्य इथेच आहे आणि धोकाही इथेच आहे. केस देणारा तोच, लॉगबुकवर सही करणारा तोच, प्रबंधाचा गाईड बहुधा तोच, रजा मंजूर करणारा तोच आणि शेवटी प्रॅक्टिकल परीक्षेच्या टेबलापलीकडे परीक्षकांमध्ये बसणाराही अनेकदा तोच. परीक्षेनंतरही सुटका नाही. नागपूरच्या धंतोली आणि रामदासपेठेत हॉस्पिटलला हॉस्पिटल लागून आहे, पण सर्जन सगळे एकमेकांना ओळखतात. "ती का? तिनं सरांविरुद्ध तक्रार केली होती," एवढं एक वाक्य नोकरीच्या आधी तिथे पोचतं.

शिवीला साक्षीदार असतो, मारहाणीचा वळ राहतो. कटिंग न देण्याचा मात्र पुरावा उरत नाही. "आज लिस्ट लांबली", "पेशंट अवघड होता", "तू थकलेली दिसत होतीस", कारण कुठलंही चालतं. असं वर्ष निघून जातं आणि मग तोच माणूस म्हणतो, "हिच्या हाताला वळण नाही."

वरून आलेला अपमान मग पायरी-पायरीनं खाली उतरतो. सर जेआर थ्रीवर ओरडतात, तो जेआर टूवर आणि जेआर टू जेआर वनवर. पनिशमेंट ड्युटी लागते, दोन-दोन दिवस अंघोळ नाही, जेवण नाही. "आम्हीही सोसलंय" हे वाक्य इथे वारशासारखं पुढच्या बॅचला दिलं जातं. रेसिडेंटला सलग १२ तासांपेक्षा आणि आठवड्याला ४८ तासांपेक्षा जास्त ड्युटी साधारणपणे लावू नये, असं केंद्र सरकारनं १९९२ मध्येच कळवलं होतं. ३२ वर्षांनी, २०२४ मध्ये, राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या कृतिगटाला आठवड्याला ७४ तासांची मर्यादा सुचवावी लागली. प्रत्यक्ष ड्युटी किती लांबली असेल, ते यावरूनच समजावं. त्याच कृतिगटाच्या पाहणीत पदव्युत्तर विद्यार्थ्यांपैकी सुमारे ३१ टक्क्यांनी आपल्या मनात आत्महत्येचे विचार येऊन गेल्याचं सांगितलं. म्हणजे तिघांतला जवळपास एक. राऊंडला पलंगाभोवती उभे असलेले आपले रेसिडेंट एकदा मोजून पाहा.

रँक काय, कॅटेगरी काय

छळाला कारण लागत नाही, पण सोपं लक्ष्य लागतं. शस्त्रक्रियेच्या जगात ते लक्ष्य बाई असते, खेड्यातून आलेला असतो, इंग्रजी अडखळणारा असतो, आणि फार वेळा राखीव जागेवरून आलेला असतो. पहिल्या आठवड्यात वॉर्डात विचारला जाणारा प्रश्न असतो, "रँक काय?" तो वरवर साधा वाटतो, पण त्याच्या पोटात दुसरा प्रश्न असतो आणि ज्याला विचारलं त्याला तो बरोबर ऐकू येतो.

डॉ. पायल तडवी जळगावची. आदिवासी तडवी भिल्ल समाजातली. मुंबईच्या टोपीवाला नॅशनल मेडिकल कॉलेजात, म्हणजे नायर हॉस्पिटलात, ती स्त्रीरोगशास्त्राचं पदव्युत्तर शिक्षण घेत होती. २२ मे २०१९ रोजी, २६व्या वर्षी, तिनं वसतिगृहातल्या खोलीत जीवन संपवलं. तीन वरिष्ठ सहकाऱ्यांवर आत्महत्येस प्रवृत्त करणं, अॅट्रॉसिटी आणि महाराष्ट्राचा रॅगिंगविरोधी कायदा यांखाली गुन्हा नोंदला गेला. दोष ठरवायचं काम न्यायालयाचं आहे आणि ते त्याच्याकडेच राहू द्यावं. पण कुटुंबानं केलेल्या आरोपांतली एक गोष्ट प्रत्येक सर्जननं पुन्हा पुन्हा वाचावी अशी आहे. जातीवरून टोमणे मारण्याबरोबरच पायलला प्रसूती करू दिल्या जात नव्हत्या, ऑपरेशन थिएटरात येऊ देणार नाही असं धमकावलं जात होतं, असं ते सांगतात. आईनं आधीच रुग्णालयात जाऊन गाऱ्हाणं घातलं होतं, असंही कुटुंबाचं म्हणणं आहे. मुलगी डॉक्टर झाली म्हणून ज्या घराला अभिमान वाटला, त्या घराला तिला काम करू द्या म्हणून विनवणी करावी लागली असेल, तर ही लाज आपल्या सगळ्या व्यवसायाची आहे.

जातीचा हा काच काही पहिल्यांदा समोर आला नव्हता. २००६ मध्ये दिल्लीच्या एम्समधल्या भेदभावाची चौकशी करायला समिती नेमली गेली. तिचे अध्यक्ष सुखदेव थोरात आपल्या विदर्भातले, अमरावती जिल्ह्यातले. २००७ च्या अहवालात अनुसूचित जाती-जमातींच्या विद्यार्थ्यांनी काय सांगितलं? वसतिगृहात एकटं पाडलं जातं, शिक्षक टाळतात. आणि विचारलेल्यांपैकी सुमारे ८४ टक्क्यांचं म्हणणं होतं की प्रॅक्टिकल आणि तोंडी परीक्षेत आपल्याला न्याय मिळत नाही. लेखी पेपर तपासणाऱ्याला चेहरा दिसत नाही. तोंडी परीक्षेत समोरासमोर बसावं लागतं. भेदभाव नेमका तिथेच वाढतो जिथे एका माणसाची मर्जी चालते.

नागपूरही याला अपवाद नाही. मेडिकलपासून, म्हणजे इथल्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयापासून, दीक्षाभूमी हाकेच्या अंतरावर आहे. १९५६ मध्ये लाखो माणसांनी माणूस म्हणून ताठ उभं राहण्याची शपथ घेतली, ते हे शहर. तरीही डिसेंबर २०२२ मध्ये याच शहराच्या मेडिकलमध्ये कनिष्ठ विद्यार्थ्याच्या रॅगिंगप्रकरणी सहा इंटर्नवर कारवाई करावी लागली. कारवाई झाली ही चांगलीच गोष्ट आहे. इतर अनेक ठिकाणी ती होतही नाही.

हातमोज्याचा नंबर

सगळाच भेदभाव कुणाच्या तोंडून येत नाही. काही कपाटात ठेवलेला असतो.

ओटीतलं, म्हणजे ऑपरेशन थिएटरातलं, ग्लोव्हजचं कपाट उघडून पाहा. साडेसात आणि सातच्या पाकिटांच्या थप्प्या असतात. सहा नंबर बहुधा संपलेला असतो, कारण मागवलेलाच नसतो. लहान हाताच्या सर्जनला सैल ग्लोव्हज घालावे लागतात. बोटाच्या टोकाशी रबराची घडी पडते, धाग्याची गाठ मारताना तीच घडी गाठीत अडकते. मग कुणी म्हणतं, "बायकांचे हात सर्जरीला स्लो." हाडांच्या ऑपरेशनला क्ष-किरणांपासून बचावासाठी घालायचे शिशाचे एप्रनही पुरुषी अंगाच्या मापाचे असतात. बगलेजवळ फट राहते, आणि स्तनाचा भाग नेमका त्या फटीपाशी येतो.

कपडे बदलायच्या खोलीचंही तेच. अनेक रुग्णालयांत एका दारावर 'डॉक्टर्स' असं लिहिलेलं असतं आणि दुसऱ्यावर 'नर्सेस'. डॉक्टर म्हणजे पुरुष हे त्या पाटीनं आधीच ठरवलेलं असतं. सर्जन मुलगी सिस्टरांच्या खोलीत कपडे बदलते. त्यात कमीपणा काहीच नाही. पण पुढची केस कुणी करायची, हे पहिल्या खोलीत चहा पिताना ठरतं, आणि ती तिथे नसते.

तो जुना दरवाजा

१८ नोव्हेंबर १८७० ला एडिंबराच्या सर्जन्स हॉलच्या फाटकाशी दोनशेहून जास्त माणसांचा जमाव उभा होता. शरीररचनाशास्त्राच्या परीक्षेला येणाऱ्या सात विद्यार्थिनींवर त्यांनी चिखल फेकला, फाटक तोंडावर लावून घेतलं. परीक्षा चालू असताना आत एक मेंढी सोडली. त्या मुलींपैकी एक होती एडिथ पीची. त्याच वर्षी रसायनशास्त्रात तिनं अव्वल गुण मिळवले होते, पण त्यावर मिळणारी शिष्यवृत्ती तिच्याऐवजी पुरुष विद्यार्थ्यांना दिली गेली. विद्यापीठानं पदवीही नाकारली. ती बर्नला जाऊन शिकली, डब्लिनहून परवाना मिळवला.

ही गोष्ट आपलीही आहे, कारण ती पीची १८८३ च्या अखेरीस मुंबईत उतरली आणि बायकांसाठी बायकांनीच चालवायच्या कामा हॉस्पिटलची सूत्रं तिनं हाती घेतली. नको असलेल्या नवऱ्याकडे नांदायला नकार देऊन न्यायालयात उभी राहिलेली रखमाबाई डॉक्टर व्हायला विलायतेला गेली, तेव्हा तिच्या पाठीशी उभं राहणाऱ्यांत पीची होती. १८९४ मध्ये रखमाबाई डॉक्टर झाली आणि पुढची कित्येक वर्षं तिनं सुरत-राजकोटच्या बायकांवर उपचार केले. एका दारावर चिखल खाल्लेल्या बाईनं दुसरीसाठी दार उघडून धरलं होतं.

एडिंबरा विद्यापीठानं त्या सात जणींना मरणोत्तर पदव्या दिल्या त्या जुलै २०१९ मध्ये. पायल तडवीला जाऊन तेव्हा दीड महिना झाला होता.

आकडे काय सांगतात

"आमच्या वेळी असं काही नव्हतं" असं म्हणणाऱ्यांसाठी दोन देशांनी आपली घाण स्वतः मोजली. २०१५ मध्ये सिडनीच्या रक्तवाहिन्यांच्या सर्जन गॅब्रिएल मॅकमुलिन जाहीरपणे बोलल्या. वरिष्ठाची लैंगिक मागणी नाकारून तक्रार करणाऱ्या स्त्रीचं करिअर संपतं, आणि मान तुकवणारी टिकते, असं त्यांचं सांगणं होतं. गदारोळ झाला. तिथल्या सर्जनांच्या संस्थेनं तज्ज्ञांची समिती नेमली. पाहणीत जवळपास निम्म्या, ४९ टक्के, सर्जन आणि प्रशिक्षणार्थींनी भेदभाव, दमदाटी किंवा लैंगिक छळ सोसल्याचं सांगितलं. त्याच वर्षी संस्थेनं जाहीर माफी मागितली आणि पुढे सन्मानानं शस्त्रक्रिया कशी करावी याचं प्रशिक्षण सगळ्या सर्जनांना सक्तीचं केलं.

२०२३ मध्ये ब्रिटनमधल्या शस्त्रक्रिया क्षेत्रातल्या १,४३४ जणांची पाहणी प्रसिद्ध झाली. आधीच्या पाच वर्षांत सहकाऱ्याकडून लैंगिक छळ झाल्याचं ६३ टक्के स्त्रियांनी सांगितलं, आणि शारीरिक लैंगिक हल्ला झाल्याचं सुमारे ३० टक्के स्त्रियांनी. पुरुषांतही जवळपास चौथ्या हिश्शानं छळ सोसला होता.

आणि याची किंमत शेवटी टेबलावर निजलेला माणूस मोजतो. अमेरिकेतल्या एका अभ्यासात २०२ सर्जन आणि त्यांच्या १३,६५३ रुग्णांची नोंद तपासली गेली. सहकाऱ्यांनी ज्यांच्या उद्धट वागण्याची तक्रार केली होती, त्या सर्जनांच्या रुग्णांत गुंतागुंतीचं प्रमाण १२ ते १४ टक्क्यांनी जास्त निघालं. कारण समजायला अवघड नाही. ज्याला बोललं की अपमान होतो, त्याला रक्तदाब उतरतोय हे सांगायची भीती वाटते. जिच्या बोटांवर आर्टरी बसली आहे, ती पुढच्या वेळी वाहणारी शीर दिसली तरी क्षणभर थांबते. पोटात तो क्षण फार मोठा असतो.

झाकण्याची सवय आणि कायद्याचा हात

२७ नोव्हेंबर १९७३ ला मुंबईच्या केईएममध्ये, कुत्र्यांवर प्रायोगिक शस्त्रक्रिया होत त्या विभागात काम करणारी परिचारिका अरुणा शानबाग तळघरात कपडे बदलत असताना एका सफाई कामगारानं तिच्यावर हल्ला केला. ती पुढची ४२ वर्षं, १८ मे २०१५ पर्यंत, त्याच रुग्णालयात अंथरुणाला खिळून राहिली. तिथल्या परिचारिकांनी तिला जिवापाड सांभाळलं. पण गुन्हा नोंदला गेला तो लूट आणि जीव घेण्याच्या प्रयत्नाचा. लैंगिक अत्याचार कागदावर आलाच नाही आणि आरोपी सात वर्षांत सुटला. बदनामी नको, म्हणून झाकायचं, ही सवय आपल्याकडे दयेचा मुखवटा घालून येते. ९ ऑगस्ट २०२४ ला कोलकात्याच्या आर. जी. कर रुग्णालयात ड्युटीवरच्या डॉक्टर मुलीवर बलात्कार करून तिचा खून करण्यात आला. तेव्हा राज्यभरच्या आणि नागपूरच्या मेडिकल आणि मेयो रुग्णालयातल्या रेसिडेंट डॉक्टरांनी काम थांबवलं, ते अर्ध्या शतकाचं साचलेलं बाहेर पडणं होतं.

कायदा मात्र या काळात पुढे गेला. १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्ध नियम घालून देणारा विशाखा निकाल दिला. तो कागदावरच राहतोय, अशी दाद मागितली पुण्याच्या मेधा कोटवाल लेले यांनी. त्यावर १९ ऑक्टोबर २०१२ ला न्यायालयानं मेडिकल कौन्सिलला नाव घेऊन सांगितलं की तिच्याशी जोडलेल्या संस्थांनी आणि नोंदणीकृत डॉक्टरांनी हे नियम पाळलेच पाहिजेत. २०१३ मध्ये त्यासाठी कायदा आला.

त्यातल्या काही गोष्टी प्रत्येक रेसिडेंटला पाठ हव्यात. दहा किंवा जास्त माणसं काम करतात तिथे अंतर्गत समिती सक्तीची आहे. अध्यक्ष वरिष्ठ स्त्री, निम्म्याहून कमी नाहीत इतक्या स्त्रिया सदस्य आणि एक सदस्य बाहेरचा. धंतोलीतल्या एखाद्या छोट्या नर्सिंग होममध्ये दहा माणसं नसतील, किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्ध असेल, तर जिल्ह्याची स्थानिक समिती आहे. विद्यावेतनावरची प्रशिक्षणार्थी, कंत्राटी सिस्टर, मावशी, सगळ्या या कायद्यात येतात. घटनेपासून तीन महिन्यांत तक्रार करायची, सबळ कारण असेल तर आणखी तीन महिने मिळतात. चौकशी ९० दिवसांत. आरोप सिद्ध झाला नाही, एवढ्यावरून तक्रार खोटी ठरत नाही. पोलिसांकडे जायचा रस्ता वेगळा, समितीकडे गेलं म्हणून तो बंद होत नाही.

या कायद्याच्या नियमांत आठवा नियम आहे. मला तो सगळ्यात मोलाचा वाटतो. तक्रारदार स्त्रीनं लेखी मागितलं तर चौकशी चालू असताना समिती शिफारस करू शकते की ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्यानं तिच्या कामाचं मूल्यमापन करू नये, आणि शिक्षणसंस्थेत तिच्या अभ्यासावर देखरेखही ठेवू नये. म्हणजे गाईड बदला, सही दुसऱ्याची घ्या, परीक्षेला दुसरा बसवा. सगळ्या गाठी एकाच हातात होत्या, त्यातल्या एक-एक सोडवायची ही तरतूद आहे. ती मागितल्याशिवाय मिळत नाही, म्हणून ती माहीत असायला हवी.

रॅगिंगविरुद्ध महाराष्ट्राचा १९९९ चा कायदा आहे. तक्रार आली की संस्थाप्रमुखानं सात दिवसांत चौकशी करायची. त्यानं डोळेझाक केली तर त्यालाच गुन्ह्याला मदत केल्याचा दोष लागतो. अनुसूचित जाती-जमातींच्या विद्यार्थ्याला अॅट्रॉसिटी कायद्याचं संरक्षण त्याहून वेगळं आहे.

काय करायचं

ज्याच्यावर आलं आहे त्यानं त्याच रात्री लिहून ठेवावं. तारीख, वेळ, खोली, नेमके शब्द, तिथे कोण-कोण होतं. आपले शब्द घालू नयेत, त्यांचे लिहावेत. मेसेज पुसू नयेत. आपल्याला मिळालेल्या आणि न मिळालेल्या केसेसची वेगळी नोंद ठेवावी. कटिंग नाकारल्याचा पुरावा असाच तयार होतो. आणि एका तरी माणसाला सांगावं, कारण एकटं पडणं हेच या छळाचं सगळ्यात मोठं शस्त्र आहे.

विभागानं केसवाटप फळ्यावर लावावं. कुणी किती केसेस केल्या हे महिन्याच्या महिन्याला सगळ्यांना दिसू द्यावं. सगळ्यांना दिसणाऱ्या यादीत एकाच नावापुढे दर महिन्याला शून्य ठेवणं अवघड जातं. सहा नंबरचे ग्लोव्हज मागवावेत. दारावरची पाटी बदलावी.

बरोबरीच्या सर्जनांनी आपल्या मित्राला चहाला बोलवावं आणि सरळ सांगावं, "काल तू त्या मुलीला जे बोललास ते बरोबर नव्हतं." अमेरिकेतल्या व्हँडरबिल्ट विद्यापीठानं कॉफीच्या कपावर बोलण्याची हीच पद्धत वर्षानुवर्षं वापरली. बहुतेक जण एवढ्यानंच सुधारतात, असा त्यांचा अनुभव आहे. जे सुधारत नाहीत त्यांच्यासाठी समिती आहेच.

आणि जे बघतात त्यांच्यासाठी. त्या पहाटेची जेआर वन मला बारा वर्षांनी एका परिषदेत भेटली. आज ती एका जिल्ह्याच्या गावात उत्तम सर्जन आहे. मी तिची माफी मागितली. ती म्हणाली, "सरांचे शब्द मी कधीच विसरले, सर. तुम्ही सगळे खाली बघत होतात, ते मात्र अजून दिसतं."

तेव्हापासून माझ्या ओटीत एक पद्धत आहे. २००८ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं शस्त्रक्रियेची जी तपासणी-यादी आणली, तिच्यात चीर देण्याआधी खोलीतल्या प्रत्येकानं आपलं नाव आणि काम सांगायचं असतं. ज्याचं नाव एकदा उच्चारलं गेलं त्याला पुढे बोलणं सोपं जातं. सगळ्यांची नावं झाली की मी शेवटी म्हणतो, "मॉप कमी असला तरी थांबवा, आणि माझं बोलणं चुकलं तरी थांबवा."

पहिली कित्येक वर्षं कुणी थांबवलं नाही. गेल्या पावसाळ्यात एका लांबलेल्या केसमध्ये वॉर्डमामांवर माझा आवाज चढला. टेबलापलीकडून नवीन जेआर वन म्हणाली, "सर, आवाज." हात थरथरत असेल तिचा, पण शब्द स्पष्ट होते. मला ते लागलं. मी मामांची माफी मागितली. सिस्टरांनी मॉप मोजले, पूर्ण होते. मी नीडल होल्डर तिच्या हातात दिला आणि समोर उभा राहिलो. पोट तिनं शिवलं.